सॉफ्ट ग्रिपच्या क्रोशा सुया: नऊ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

हा सेट घेऊन आता नऊ महिने झाले, म्हणून म्हटलं आता लिहूया. घेतल्या घेतल्या पाच स्टार देणारे रिव्ह्यू मीही वाचूनच घेतला होता, पण पहिल्या आठवड्यात कुठलीही नवी सुई छानच वाटते, ती खरी कशी आहे ते रोज दोन-अडीच तास हातात राहिली की कळतं. माझ्याकडे आहे तो ९ सुयांचा, २ मिमीपासून ६ मिमीपर्यंत, अर्ध्या अर्ध्या मिमीच्या फरकाने, सुई अॅल्युमिनियमची आणि मागे जाड रबरासारखी मऊ मूठ. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण याच बनावटीचे सेट वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मी लिहितेय ते जवळजवळ सगळ्यांनाच लागू पडेल.

आधी थोडं माझं. क्रोशा मी शिकले आईच्या स्टीलच्या बारीक सुईवर, दोऱ्याची लेस करायची ती सुई. नंतर साध्या अॅल्युमिनियमच्या सुया आल्या, कुठलीही मूठ नसलेल्या. आठवड्यातून एखादा तास विणायचे तोवर काही त्रास नव्हता. मग मैत्रिणींना स्क्रंची करून दिल्या, त्यांच्या मैत्रिणींनी मागितल्या, मी फोटो टाकायला लागले आणि बघता बघता ऑनलाइन ऑर्डरी सुरू झाल्या. स्क्रंची, कानातली, कीचेन, छोट्या स्लिंग बॅगा एवढंच करते मी, कपडे नाही करत. तर ऑर्डरी वाढल्या आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, सकाळी उठल्यावर बाटलीचं झाकण फिरवताना कळ यायची. म्हणून हा सेट.

दुखणं गेलं का? बरंचसं गेलं, पण ते एकट्या सुईमुळे नाही. मूठ जाड असली की बोटं घट्ट आवळावी लागत नाहीत, हे खरं आहे आणि हा फरक मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जाणवला. पण त्यासोबत मी दोन गोष्टी बदलल्या, एक म्हणजे सुई पेनसारखी धरायचे ती सुरीसारखी वरून धरायला लागले, म्हणजे जोर अंगठ्यावर न येता पूर्ण तळव्यावर येतो, आणि दुसरं म्हणजे २५ मिनिटांचा टायमर लावून मध्ये हात मोकळे करायचे. नुसती सुई बदलून सलग तीन तास बसलात तर हात दुखणारच, कितीही मऊ का असेना मूठ. आणि बोटं सुन्न पडत असतील तर सुया बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता सुईच्या तोंडाबद्दल, कारण घेताना हे कुणी बघतच नाही. क्रोशाच्या सुयांची तोंडं साधारण दोन प्रकारची असतात, एकात तोंड आणि दांडा एकाच जाडीचे आणि खाच आत कापलेली, दुसऱ्यात तोंडाच्या मागे मान निमुळती होत जाते. माझ्या सेटची मान निमुळती आहे. चटचट विणायला मस्त, दोरा सुळकन निघतो. पण माप ठरतं ते दांड्याच्या जाडीवर, मानेवर नाही. त्यामुळे फंदा जर मानेतच ओढून घेत राहिलात तर टाके मापापेक्षा घट्ट पडतात. सुरुवातीचे दोन महिने माझ्या कीचेनचे गोल वाटीसारखे वळत होते ते यामुळेच. मला वाटायचं टाके चुकतायत, परत परत मोजायचे, जादूच्या रिंगमध्ये (ओढून बंद करायचा सुरुवातीचा दोऱ्याचा गोल) ६ मुके खांब (बुटके, घट्ट टाके), मग १२, मग १८, मग २४, सगळं बरोबर. फंदा दांड्यावर सरकवून मग टाका पूर्ण करायची सवय लावली आणि गोल सपाट बसायला लागले. हे सुईचं वैगुण्य नाही, पण आधी कुणी सांगितलं असतं तर माझे बरेच तास वाचले असते, म्हणून एवढं लांबण लावलं.

खरी तक्रार आहे ती आकड्यांची. माप मुठीवर नुसतं छापलंय, कोरलेलं नाही, आणि ते नेमकं अंगठा टेकतो तिथे आहे. सर्वात जास्त वापरातली ३ आणि ३.५, दोन्हींचे आकडे चौथ्या महिन्यात पुसले गेले, आणि दोन्ही मुठी एकाच फिकट जांभळ्या रंगाच्या. एकदा कानातल्यांची एक जोडी केली, सूर्यफुलाची, एक संध्याकाळी आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी. फोटोसाठी पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसलं, एक ३.८ सेंटीमीटर आणि दुसरं ४.३. पाकळ्या तेवढ्याच, टाके तेवढेच, दोरा तोच. कानात घातल्यावर अर्धा सेंटीमीटर लगेच डोळ्यात भरतो. ती जोडी पाठवली नाही, पूर्ण उसवून परत केली. त्या दिवशी सगळ्या मुठींच्या टोकाला नेलपॉलिशचे ठिपके दिले, ३ ला एक, ३.५ ला दोन, असं. हे सेट हातात आल्याच्या दिवशीच करा, आकडा पुसायची वाट बघू नका.

दुसरी तक्रार, ४ मिमीची सुई सहाव्या महिन्यात मुठीतल्या मुठीत फिरायला लागली. घट्ट विणीच्या कीचेन करताना सुई जोरात खुपसावी लागते त्याने झालं असणार. सुई ओढून बाहेर काढली, आतली धूळ आणि लोकरीचे तंतू पुसले, दोन थेंब पक्का चिकटणारा गोंद घालून परत बसवली आणि दिवसभर हात लावला नाही. तेव्हापासून ठीक आहे. २ मिमीच्या तोंडाला बारीकशी धार होती, दोरा उसकटायचा, ती नखं घासायच्या अगदी बारीक बफरने घासून गेली. बाकी सात सुयांना काहीही झालेलं नाही, अॅल्युमिनियम थोडं काळपट पडलंय पण दोऱ्याला रंग लागत नाही.

मापावरून आठवलं, पॅटर्न बघून सुई निवडताना अक्षरांवर जाऊ नका, मिमी बघा. अमेरिकन पॅटर्नमध्ये ४ मिमीला जी-६ म्हणतात, ५ मिमीला एच-८, आणि स्टीलच्या लेसच्या सुयांचे आकडे तर उलटे चालतात, आकडा मोठा तशी सुई बारीक. टाक्यांच्या नावांचाही असाच घोळ. अमेरिकन सिंगल म्हणजे ब्रिटिश डबल, म्हणजे आपला मुका खांब. मी एका बॅगेचा ब्रिटिश पॅटर्न अमेरिकन समजून केला, जिथे मुके खांब हवेत तिथे खांब घातले, बॅग भलतीच उंच आणि जाळीदार झाली आणि किल्ल्या बाहेर डोकवायला लागल्या.

आता या सुयांवर काय काय विणलं ते सांगते, कारण सुई चांगली की वाईट हे दोऱ्याशिवाय सांगता येतच नाही. स्क्रंचीला मी ५ मिमी आणि वेल्वेटसारखी मऊ लोकर वापरते. त्या लोकरीत टाका दिसतच नाही, बोटाने चाचपडून शोधावा लागतो, तिथे गुळगुळीत सुई आणि जाड मूठ यांचा खूप आधार होतो. स्क्रंचीला झालर येते ती का येते माहितीये का, इलॅस्टिकवर पहिली ओळ घातली की पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन, तीन-तीन टाके, मग कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही आणि ते लाटांसारखं वळतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापिका डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये याच युक्तीने हायपरबोलिक भूमितीचं, म्हणजे सपाट न राहता असं लाटांसारखं वळत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या भूमितीचं, हातात धरता येईल असं मॉडेल क्रोशाने करून दाखवलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी हातातली स्क्रंची किती तरी वेळ उलटसुलट करून बघत बसले होते, आपण रोज करतो त्यात एवढं काही आहे याचा फार आनंद झाला.

कानातल्यांना मात्र मर्सराइज्ड कॉटनच. सुताला ताणून धरून कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया दिलेली असते, त्याने चमक येते, बळ येतं आणि दोरा सुईच्या टोकाशी फाटत नाही. साधं कॉटन ३ मिमीच्या टोकदार सुईवर सारखं फाटतं, अर्धे पदर आत अर्धे बाहेर. ॲक्रिलिक कीचेनला चालतं पण त्यावर इस्त्री नको, उष्णतेने तंतू कायमचे मऊ आणि ढिले पडतात, परत सावरत नाहीत.

बॅगेच्या पट्ट्यावरून मी एकदा अडचणीत आले होते. कॉटनच्या मुक्या खांबांचा पट्टा केला, दिसायला सुरेख, पाठवला, आणि तीन आठवड्यांनी त्या ताईंचा मेसेज आला, "बॅग फार आवडली हो, पण पट्टा लांबत चाललाय, आता गुडघ्याला लागते." मी लगेच म्हटलं पाठवा परत, मी करून देते. तेव्हापासून पट्टा आडवा न विणता उभा विणते, म्हणजे पट्ट्याच्या पूर्ण लांबीची साखळी घालायची आणि तिच्यावर लांबच लांब ओळी, आणि आतून कापडी फीत शिवायची, म्हणजे वजन फितीवर येतं. नवीन पट्टा असलेल्या बॅगेत चार दिवस पाण्याची भरलेली बाटली घालून दाराला टांगून ठेवते, इंचपट्टीने आधी आणि नंतर मोजते, मगच पाठवते.

विकणाऱ्यांसाठी अजून दोन-तीन गोष्टी. एकाच ऑर्डरीचे गुंडे एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, लेबलवर नंबर असतो, नाहीतर बॅगेच्या मधोमध रंगाची रेघ दिसते. लाल आणि गडद निळा रंग ओल्या पांढऱ्या कापडावर घासून बघा मगच पांढऱ्यासोबत वापरा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी काही करणार असाल तर प्लॅस्टिकचे डोळे लावू नका, दोऱ्याने भरा, निघून तोंडात गेलं तर घशात अडकू शकतं. आणि दुसऱ्याच्या पॅटर्नवरून वस्तू विकायची असेल तर त्या पॅटर्नमध्ये परवानगीबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बरेच डिझायनर नाव दिलं तर चालेल म्हणतात, पण विचारायला हवंच.

किमतीचं काय करायचं हे मला सगळ्यात उशिरा समजलं. आधी मी फक्त लोकरीचा खर्च धरून वर थोडे जोडायचे. मग एक महिना वहीच घातली. वस्तू झाली की वजनकाट्यावर ठेवायची, म्हणजे किती लोकर गेली ते कळतं, आणि वेळ टायमरवर. स्क्रंची विणायला सुरुवातीला ३५ मिनिटं लागायची, या सुयांवर हात बसल्यावर २२ वर आली. पण टोकं आत ओवणं, फोटो, माप लिहिणं, पॅकिंग, मेसेजना उत्तरं, हे सगळं मिळून एका वस्तूला परत २० मिनिटं जातात आणि ती मी कधी धरलीच नव्हती. आता सगळी मिनिटं धरते, लोकर, पॅकिंग आणि प्लॅटफॉर्मचं कमिशन त्यात मिळवते, आणि जी किंमत येते ती लावते. महाग आहे म्हणून एक-दोन जण परत गेले, जाऊ देत. दुकानात स्वस्तात मिळणारं क्रोशासारखं कापड बहुतेक वेळा मशीनच्या विणीचं असतं, क्रोशाचा एक एक टाका हातानेच घालावा लागतो. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं चालवली होती, हे काम तेव्हाही पोटाचं होतं आणि त्याला नुसता टाइमपास म्हटलेलं मला अजिबात आवडत नाही.

तरी सगळं विकायला करू नका असंही मी म्हणेन. मध्ये दीड महिना मी फक्त ऑर्डरी विणल्या, एकाच गुलाबी रंगाच्या चाळीस स्क्रंची, आणि सुई हातात घ्यावीशी वाटेना. आता आठवड्यातले दोन दिवस फक्त माझ्यासाठी. सध्या ३.५ वर एक शाल चाललीय, राखाडी आणि मोहरी रंगाची, कुणाला देणार नाहीये.

सेटला मी पाचपैकी चार देईन, एक कापला तो पुसलेल्या आकड्यांचा. पूर्ण सेट नको असेल तर ३, ३.५ आणि ५ या तीन सुट्या घ्या, माझं जवळजवळ सगळं काम यांच्यावरच होतं. ५.५ आणि ६ मी नऊ महिन्यांत दोनदा काढल्या असतील. आणि ३.५ जमलं तर दोन घ्या, एकीवर ऑर्डर अडकलेली असते तेव्हा दुसरी लागतेच.