फ्री फायर मॅक्स : साध्या फोनसाठी घडवलेला खेळ

फ्री फायर या, शेवटपर्यंत तगेल तो जिंकतो अशा, मोबाइलवरील नेमबाजीच्या खेळाला खानदेशात एवढा मोठा खेळाडूवर्ग कसा मिळाला, हे समजून घ्यायचे असेल तर आधी मुलांच्या हातातला फोन पाहावा. मोठ्या भावाने वापरून झालेला, काचेला तडा गेलेला, एक-दोन जीबी रॅमचा असा तो फोन असे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सिंगापूरच्या गरेना कंपनीने आणलेला हा खेळ व्हिएतनाममधील १११ डॉट्स स्टुडिओने नेमका अशाच फोनवर चालेल अशा बेताने घडवला होता. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. खेळ फुकट, डेटा स्वस्त आणि फोन घरातलाच, असा योग जुळून आला.

त्याच जातीच्या पब्जी मोबाइल या खेळात शंभर खेळाडू उतरतात आणि सामना अर्धा तास लांबू शकतो. फ्री फायरमध्ये पन्नासेकच खेळाडू असतात आणि दहाएक मिनिटांत निकाल लागतो. महागडे फोन बाळगणाऱ्यांनी याला पोरखेळ म्हणून हिणवले, ग्राफिक्सला नावे ठेवली. माझ्या मते मात्र हा आटोपशीरपणा हीच या खेळातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे, कारण एसटीची वाट पाहताना किंवा शेतात मोटार सुरू करून बांधावर बसल्यावर जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात एक सामना पुरा होतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा तिकडची बरीच मुले इकडे वळली, आणि त्याच सुमारास हृतिक रोशनवर बेतलेले ‘जय’ हे पात्रही खेळात आले. पुढे १४ फेब्रुवारी २०२२ रोजी मूळ फ्री फायरवरही बंदी आली. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये आलेली मॅक्स ही आवृत्ती प्ले स्टोअरवर राहिली, आणि दोन्हींना एकच खाते चालत असल्यामुळे मुलांनी जमवलेली पात्रे आणि कपडे त्यांना तिकडे जसेच्या तसे मिळाले. बंदीनंतरही खेळाचा जोर टिकला तो यामुळे. मॅक्सचे चित्र अधिक रेखीव आहे आणि तिला फोनही जरा दमाचा लागतो, एवढाच फरक.

खेळ म्हणून यातील खरी चमक ग्लू वॉलमध्ये आहे. ही बॉम्बसारखी फेकली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच समोर बर्फासारखी भिंत उभी राहते. इतर नेमबाजीच्या खेळांत आडोसा शोधावा लागतो, येथे तो खिशात घेऊन फिरता येतो. उघड्या मैदानात पहिली गोळी लागताच कसलेला खेळाडू पळत सुटत नाही. तो भिंत टाकतो, मागे बसून जखम भरून काढणारे मेडकिट लावतो आणि समोरचा डावीकडून येणार की उजवीकडून याचा कानोसा घेतो. पावलांच्या आवाजावरून दिशा ओळखणे, भिंत शिल्लक ठेवावी की आत्ताच खर्च करावी याचा निर्णय क्षणात घेणे, हे कौशल्य सरावानेच येते आणि त्याला मी मनापासून दाद देतो.

चारास चार असा ‘क्लॅश स्क्वॉड’ हा प्रकार मला मुख्य खेळापेक्षाही सरस वाटतो. जो संघ आधी चार फेऱ्या जिंकेल तो विजयी. प्रत्येक फेरीआधी हाती असलेल्या खेळातल्याच पैशांतून बंदुका घ्यायच्या असतात, त्यामुळे आत्ता चांगली बंदूक घ्यावी की पुढच्या फेरीसाठी पैसे राखावेत, यावर चौघांचे एकमत लागते. अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांत संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या मुलांमधून ‘मांगे शे रे भो, मांगे!’ (मागे आहे रे भाऊ, मागे!) अशी आरोळी उठते ती अशाच सामन्यात. खेळातील सूचना इंग्रजीत असोत की हिंदीत, संघाचा कारभार अहिराणीतच चालतो, आणि कबड्डीच्या मैदानावर जशी चढाई ठरते तशी येथे ‘रश’, म्हणजे थेट धावून हल्ला, कोणी द्यायचा हे ठरते.

आपल्या भागात या खेळाचा मोठा शत्रू म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की फोन तापतो, प्रोसेसर आपला वेग आपोआप उतरवतो आणि ऐन चकमकीत चित्र अडखळू लागते. ग्राफिक्स ‘स्मूथ’वर आणि शॅडो बंद ठेवल्यास पुष्कळ फरक पडतो. चार्जिंग लावून खेळणे टाळावे. पिंग, म्हणजे नेटवरून संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, वाढले तर मात्र जागा बदलण्यावाचून इलाज नाही.

आता पैशांविषयी. खेळ फुकट आहे हे खरे आहे, बंदुकाही मुख्य खेळात जमिनीवर पडलेल्या मिळतात. परंतु डायमंड, म्हणजे खऱ्या पैशांनी घ्यायचे खेळातले चलन, विकत घेऊन मिळवलेल्या अनेक गन स्किन (बंदुकीवरची सजावट) केवळ रंगरूप बदलत नाहीत, त्या बंदुकीची मारक्षमता, वेग किंवा पल्ला असे गुणही बदलतात. कपडे, नाच, पाठीवरची बॅग यांसाठी कोणी हौसेने पैसे मोजले तर माझी हरकत नाही. गोळीचा जोर विकणे मात्र सरळसरळ अन्याय आहे, आणि साध्या फोनवाल्यांच्या बळावर मोठ्या झालेल्या खेळाने त्यांच्याशीच तो करावा याचे मला वाईट वाटते. त्यातच ‘लक रॉयल’सारख्या प्रकारांत डायमंड देऊन चक्र फिरवायचे आणि हवी ती वस्तू मिळेल की नाही हे नशिबावर सोडायचे, ही रचना कोवळ्या मुलांसमोर ठेवण्याजोगी नाही. वडिलांच्या फोनवर यूपीआय असेल आणि खेळही त्याच फोनवर चालत असेल, तर पिन मुलाला माहीत नसावा आणि प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

ज्यांना या खेळाचे गुण निखळ रूपात पाहायचे आहेत, त्यांनी गन स्किनचे वाढीव गुण बंद ठेवून उघडलेल्या कस्टम रूममध्ये, म्हणजे आपणच नियम ठरवलेल्या खासगी सामन्यात, क्लॅश स्क्वॉड खेळावा. तेथे नवे खाते आणि हजारो रुपये ओतलेले खाते यांच्या बंदुका सारखाच मार करतात, आणि तेवढ्यापुरता हा खेळ मी कोणालाही निःसंकोच सुचवेन.