नॅनोटेकचा शॉर्ट कोर्स करून बरेच महिने झाले, आता खरा अनुभव

मी मेकॅनिकलवाला, कामात कोटिंग्ज बघतो. आठवडाभराचा नॅनोटेक्नॉलॉजीचा शॉर्ट कोर्स केला त्याला आता बरेच महिने झालेत, त्यामुळे नक्की काय उपयोगी पडलं ते नीट सांगता येईल.

सगळ्यात भारी होते कॅरॅक्टरायझेशनचे, म्हणजे मटेरियल मशीनवर मोजून तपासण्याचे सेशन्स. सोन्याचे नॅनोपार्टिकल्स आम्हीच बनवले, उकळत्या क्लोरोऑरिक ॲसिडच्या द्रावणात सोडियम सायट्रेट टाकलं की फिकट पिवळा रंग आधी उडतो, मग काळपट होतो आणि बघता बघता सगळं लालबुंद! मग तेच सॅम्पल डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा साइज काढणारं मशीन) आणि टीईएमवर (सॅम्पलच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) लावलं तर साइज जुळेचना, डीएलएसचा आकडा मोठा. ट्रेनरने तिथेच थांबून समजावलं की डीएलएस कणाचा द्रवातला व्यास मोजतं, अंगाला चिकटलेल्या थरासकट, शिवाय विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे दुप्पट व्यासाचा एक कण 64 लहान कणांएवढा प्रकाश फेकतो. त्यामुळे थोड्याशा गुठळ्या असल्या तरी सरासरी वर जाते.

हे एवढं डोक्यात बसलं आणि कामाची पद्धतच बदलली. आता पावडरच्या रिपोर्टमध्ये नुसतं '20 नॅनोमीटर' दिसलं की मी पहिलं विचारतो, कशावर मोजलंय? एक्सआरडीवरून (एक्स-रे टाकून स्फटिकरचना बघण्याची पद्धत) शेररच्या सूत्राने काढला असेल तर तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे कणातल्या एका अखंड स्फटिकाचा साइज, अख्ख्या कणाचा नव्हे. एएफएमचं (बारीक टिप पृष्ठभागावर फिरवून मोजणारा मायक्रोस्कोप) पण तसंच, उंचीवर भरवसा ठेवा, रुंदी टिपच्या जाडीमुळे फुगलेली असते.

सेफ्टीचं सेशन पण मनापासून घेतलं होतं. कोरडी नॅनोपावडर उघड्या टेबलावर हाताळायची नाही हे आम्ही आल्याआल्या लागू केलं, आता वजन करणं, मिसळणं सगळं फ्यूम हूडमध्ये (आतली हवा ओढून घेणारं कपाट).

लिथोग्राफी (प्रकाशाने बारीक नक्षी उमटवण्याची पद्धत) मात्र वाया गेली असंच म्हणेन. क्लीनरूममध्ये एक जण मशीनवर आणि बाकीचे मागून बघतायत, पिवळा लाइट का तर रेझिस्ट, म्हणजे नक्षीसाठी लावलेला लेप, निळ्या आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाला रिॲक्ट होतं, एवढंच लक्षात राहिलंय. क्वांटम डॉट्सचं (काही नॅनोमीटरचे सेमीकंडक्टर कण) लेक्चर फिजिक्सवाल्यांना सोपं गेलं, आम्हा इंजिनिअर लोकांच्या डोक्यावरून गेलं. दोघांना एकच लेक्चर द्यायचं तर आधी तासभर बेसिक घ्यायलाच हवं.

कोणी करणार असाल तर फी भरायच्या आधी दोन गोष्टी विचाराच, एका मशीनवर किती जण असणार आणि स्वतःचं सॅम्पल आणू देतात का. आमच्या बॅचमधल्या एकीने स्वतःची फिल्म, म्हणजे पातळ कोटिंगचं सॅम्पल, आणली होती, तिला एसईएमखाली (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) तिच्याच कोटिंगमधल्या भेगा दिसल्या आणि तिथल्या तिथे ट्रेनरशी बसून वाळवण्याचं तापमान किती कमी करायचं ते ठरवून गेली.