क्लिकर: मानसशास्त्राच्या तासाला कितपत उपयोगी?

कुत्र्यांच्या ट्रेनिंगसाठी विकली जाणारी, दाबली की ‘टिक’ वाजणारी ही चिमुकली डबी साधक अभिसंधान (वागण्याच्या परिणामातून होणारं शिकणं) शिकवायला फार कामाची आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने 1951 सालीच प्राणी शिकवण्यासाठी टिकटिक वाजणारं खेळणं सुचवलं होतं, त्याचाच हा वारसा.

दोन प्रकार मिळतात. पोलादी पट्टीवाल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो. पण दाबताना एक आणि सोडताना एक असे दोन ठोके पडतात, म्हणून झटकन दाबून सोडायचा. बटणवाला मऊ वाजतो. बुजऱ्या कुत्र्याला तोच बरा, गलबल्यात मात्र ऐकू येत नाही.

वर्गातला खेळ असा: एकाला ‘क्लिक म्हणजे बरोबर’ एवढंच सांगून बाहेर पाठवा, उरलेल्यांनी एक कृती ठरवा, समजा खिडकी उघडणं. तो आत आल्यावर बोलायचं नाही. मान खिडकीकडे वळली की क्लिक, मग पाऊल पडलं तरच, मग हात उचलला तरच. हेच शेपिंग, म्हणजे हव्या कृतीकडे पायरीपायरीने नेणं. पायरी फार उंच ठेवली तर तो गोंधळून जागीच थांबतो; अशा वेळी एक पायरी खाली उतरायचं. सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. क्लिक सेकंदभर उशिरा पडला, तर खिडकीकडे पाहणं राहतं बाजूला आणि नंतरचं डोकं खाजवणंच पक्कं होतं! क्लिक मुद्दाम बंद केले की तो आधीचीच हालचाल जोरजोरात करून बघतो. लिफ्ट येत नसताना बटण पुन्हापुन्हा दाबतात ना, तसंच. विलोपनाआधीची (बक्षीस थांबल्याने वागणं विझण्याआधीची) ही उसळी पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही.

आता उणिवा. ‘क्लिक म्हणजे बरोबर’ हे माणसाला आधीच सांगितलेलं असतं, त्यामुळे अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी वारंवार जोडीने आल्याने एकीला दुसरीचा अर्थ चिकटणं) इथे दिसतच नाही. ते कुत्र्यावर दिसतं: क्लिक, लगेच खाऊ, असं पंधरा-वीस वेळा. पुढेही प्रत्येक क्लिकला खाऊ द्यावाच लागतो, नाहीतर आवाजाची किंमत उतरते. ऋण प्रबलनही (त्रास थांबल्यामुळे वागणं वाढणं) क्लिकरने शिकवता येत नाही, आणि विद्यार्थी नेमके तिथेच चुकतात, त्याला शिक्षा समजतात. त्यासाठी गाडीतला सीटबेल्टचा बीप घ्या: बेल्ट लावला की कटकट थांबते, म्हणून बेल्ट लावणं वाढतं. शिक्षेने वागणं कमी होतं.

एकाच खोलीत दोन गट खेळणार असतील तर दोन्ही प्रकारचा एकेक क्लिकर घ्या. आवाज सारखे असले तर शेजारच्या गटाच्या क्लिकवर भलताच विद्यार्थी शिकू लागतो.