मनुदेवीच्या वाटेवरची भुट्ट्याची शेगडी: पाचपैकी साडेचार, अर्धा गुण लिंबाचा कापला

साडेचार गुण मी सहसा कुणाला देत नाही. अर्धा कुठे गेला ते सांगतोच, आधी जागा समजून घ्या.

जळगाव जिल्ह्यात यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे आत वळलं की मनुदेवीची वाट लागते. समोर सातपुडा, दोन्ही अंगांना केळी, कापूस आणि मका. श्रावणात देवीला आणि धबधब्याला गर्दी लोटते, त्या गर्दीच्या भरवशावर रस्त्याच्या कडेने भुट्ट्यांच्या शेगड्या लागतात. त्यातली जी मक्याच्या शेताच्या अगदी बांधावर, कडुनिंबाखाली आहे, तिच्याबद्दल हे लिहितोय. पाटी नाही, नाव नाही. शेजारी एक शेळी बांधलेली असते, तीच खूण. भाजायला एक ताई बसते आणि कणसं तोडून आणायला तिचे सासरे. त्यांना सगळे बाबा म्हणतात.

माझं चोपड्याला बी-बियाण्याचं, खता-औषधांचं दुकान आहे. त्यामुळे भुट्टा हातात आला की मी आधी त्याच्याकडे पीक म्हणून बघतो आणि मग खाऊ म्हणून. लोक भुट्ट्याची गोष्ट काढली की थेट मसाल्यावर येतात. मसाला फार पुढची गोष्ट आहे हो! कणीस निबर असेल तर त्याला नंदुरबारची मिरची लावा नाहीतर लोण्याचं अख्खं पाकीट चोळा, दाताखाली चोथाच यायचा.

कणसाचे केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २२ दिवस झाले की दाणा दुधावर येतो. वरचे केस वाळून तपकिरी झालेले, पानं मात्र हिरवी, अशी ती वेळ. नख टोचलं आणि पांढरं दूध उडालं तर कणीस खायचं. नुसतं पाणी आलं तर अजून कच्चं आहे. आणि नखाला पीठ लागलं तर ते कोंबड्यांच्या खाद्याचं किंवा दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्याचं, तुमचं आमचं नाही. शिवाय कणीस तोडलं की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो. गोणीत गच्च भरून उन्हात ठेवलं तर हे काम आणखी झपाट्याने होतं. मंडईतून सकाळी उचललेला भुट्टा संध्याकाळी सपक लागतो तो यामुळे, भाजणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

या शेगडीचे निम्मे गुण इथेच वसूल होतात. बाबा एका वेळी पाटीभरच कणसं तोडतात. पाटी संपत आली की उठून शेतात शिरतात. म्हणजे तुमच्या हातातलं कणीस काही वेळापूर्वी ताटावर होतं. एकदा गर्दीत एका गिऱ्हाइकाने घाईघाईने ढिगातलं सगळ्यात मोठं कणीस उचललं, तर ताईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "ते निबर शे भाऊ, तुमले नको." गिऱ्हाईक म्हणत होतं चालेल, ही म्हणत होती नाही चालणार. शेवटी लहान पण कोवळं कणीस घेऊनच तो गेला. विकणारीला मालाची इतकी लाज असलेली हल्ली कमीच दिसते.

ही कणसं ती "देशी" म्हणून विकते. देशी वगैरे काही नाही, साधा संकरित मका आहे, मे अखेरीस ठिबकवर टोकलेला. मी दुकानदार आहे, मला वाण ओळखू येतो. पण स्वीट कॉर्न नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ घ्यायचा. दाणा जरा जाड, चव गोडीपेक्षा दुधाकडे झुकणारी, आणि भाजल्यावर जो खरपूस वास याला येतो तो स्वीट कॉर्नला येत नाही. 

निवड करताना ती काय करते ते बघण्यासारखं आहे. अंगठ्याने शेंड्याकडची पानं थोडीशी फाकवते. दाणे भरलेत का, एवढं बघायचं असतं. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा धरत नाही. तुऱ्यावर असताना पावसाने ताण दिला की अशी विरळ दातांची कणसं बरीच निघतात. ती शेळीपुढे जातात. शेंड्याला अळीने खाल्लेलं दिसलं तर ती तेवढा शेंडा कट्कन मोडून टाकते आणि उरलेलं कणीस घरच्यासाठी बाजूला ठेवते, गिऱ्हाइकाला देत नाही. ही अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात पहिल्यांदा सापडली ती २०१८ मध्ये, कर्नाटकात. तेव्हापासून मक्याच्या शेतकऱ्याला तिने सुखाने बसू दिलेलं नाही. मी बाबांना फवारणीचं विचारलंच, धंद्याची सवय. मका पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत होता तेव्हा मारलं, कणीस धरल्यावर हात लावला नाही, म्हणाले. औषध माझ्याकडून नेलेलं नाही, त्यामुळे बिल काढून तपासता येत नाही. विश्वास ठेवला.

आता भाजणं. खाली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या पेटवून वर बाभळीचा कोळसा. डाव्या हाताने पंख्याचा दांडा फिरवायचा, उजव्या हाताने कणीस. बहुतेक शेगड्यांवर पानं पार ओरबाडून कणीस उघडंबोडकं कोळशावर टाकतात आणि जोरात वारा घालतात. बाहेरून काळं, आतून कच्चं. ही बाहेरची जाड पानं मागे ओढून त्यांचा पीळ घालून मूठ करते, पण आतलं पातळ पान एखाददुसरं तसंच राहू देते. त्या पानात दाणा आधी वाफेवर शिजतो. पान जळून काळं पडलं की फडक्याने निपटून काढायचं, आणि मग उघडं कणीस थेट निखाऱ्यावर, फार थोडा वेळ. तडतड सुरू होते. दाणा फुटल्याचा आवाज आला की तेवढी बाजू फिरवायची. ती बघतही नाही, बोलत असते, आवाजावरच हात फिरतो. तयार भुट्ट्यावर काळे ठिपके असतात, काळे पट्टे नसतात. घरी भाजताना एवढा फरक पाळलात तरी पुष्कळ झालं.

लावायला दोन प्रकार आहेत आणि दोन्ही ती स्वतः करते. पहिला नेहमीचा, मीठ-मिरची-लिंबू. पण मीठ खड्याचं, मिरची नंदुरबारची सुकी लाल, निखाऱ्यावर नुसती दाखवलेली, आणि थोडं भाजलेलं जिरं. हे सगळं खलबत्त्यात भरड कुटलेलं. बारीक पूड मुद्दाम करत नाही. बारीक पूड लिंबाच्या रसात विरघळून मनगटावर ओघळते, भरड असली की दाण्यांच्या फटीत अडकून बसते आणि प्रत्येक घासाला वेगळी लागते.

दुसरा प्रकार ठेचा. हिरवी मिरची शेंगदाण्याच्या तेलावर तव्यात परतलेली, लसूण हात सैल सोडून, मीठ, भाजलेले शेंगदाणे थोडे, आणि कुटून झाल्यावर वरून कच्च्या शेंगदाणा तेलाची धार. ही धार नसेल तर तो खान्देशातला ठेचा नाही, असं माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. गरम कणसावर ठेचा बोटाने दाबत नेला की तेल दाण्यांच्या ओळींमधून खाली उतरतं. नाकातून पाणी येतं, पण हात थांबत नाही.

दोन्हींतला कुठला घ्यावा? कोवळ्या कणसाला लिंबू-मिरची, आणि जरा भरलेल्या, चावायला लागणाऱ्या कणसाला ठेचा. कोवळ्या दाण्यावर ठेचा थापला तर त्याचं दूध, त्याची गोडी सगळी मारली जाते. ताईला "तुझ्या मनाने दे" म्हटलं तर ती हेच करते. चाट मसाल्याचं पाकीटही तिच्याकडे आहे, कुणी मागितलंच तर काढते. तुम्ही मागू नका.

अर्धा गुण इथे गेला. लिंबाची एकच फोड ती बऱ्याच कणसांवर चालवते. मिठात बुडव, कणसावर फिरव, परत मिठात. थोड्या वेळाने त्या फोडीचा रंग राखेसारखा होतो आणि मिठाची वाटीही करडी पडते. पंख्याची राख उडून त्यात पडते ती वेगळीच. मी नवीन लिंबू कापायला सांगितलं, तिने तोंड वाकडं न करता कापलं. पण सांगावं लागू नये. वाटीवर एक झाकण आणि प्रत्येकाला वेगळी फोड, एवढं झालं की पाचपैकी पाच.

भाव एका भुट्ट्याला २५ रुपये, गर्दीच्या दिवशी ३०. माझ्यासमोर एक जण वीसला मागत होता. त्याला सांगावंसं वाटलं, पण दुकानदाराने दुसऱ्याच्या धंद्यात बोलू नये म्हणून गप्प राहिलो, इथे सांगतो. २०२५-२६ च्या हंगामाला मक्याचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल होता. म्हणजे पेरून, फवारून, राखण करून, वाळवून, सोलून दिलेल्या अख्ख्या किलोभर मक्याचे सरकारी हिशेबाने २४ रुपये, आणि बाजारात तेवढे पडतीलच याची खात्री नाही. त्याच शेतातलं एक कणीस बांधावर भाजून ३० ला जातंय आणि पैसा त्याच घरात राहतोय. इथे घासाघीस करायची असेल तर तेवढा वेळ मनुदेवीच्या पायऱ्या चढण्यात घालवा.

शेगडीच्या बाजूला उकडलेल्या कणसांचं पातेलंही असतं. पाण्यात हळद आणि मीठ, कणीस पानासकट. ठीक आहे, पण भाजलेलं समोर असताना उकडलेलं का घ्यायचं, हे मला कळलेलं नाही. दात नसलेल्यांसाठी आणि लहान पोरांसाठी म्हणाल तर चांगलं आहे, मऊ असतं.

उकडायचंच तर घरी स्वीट कॉर्न उकडा. आपल्याकडे त्यात 'शुगर ७५' हा वाण बऱ्यापैकी चालतो. स्वीट कॉर्नमध्ये साखरेचा स्टार्च सावकाश होतो, म्हणून दुकानातलं दोन दिवसांचं कणीसही गोड लागतं. पण त्याला कुकरच्या तीन शिट्ट्या देणारे लोक आहेत, त्यांच्या घरी मी जेवायला जात नाही. उकळत्या पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाचसात मिनिटं, बस. बाहेर काढून गरम असतानाच साजूक तूप, मीठ, मिरपूड. साध्या मक्याला मात्र कुकर हवा, त्याला शिट्ट्या द्या खुशाल.

चीजबद्दल माझं मत विचारू नका म्हणणार होतो, पण सांगतोच. जळगावात एका ठिकाणी चीज-मेयोनीजचा भुट्टा दीडशे रुपयांना खाल्ला. मका ज्या मेक्सिकोतून जगभर गेला तिथे भाजलेल्या कणसाला मेयोनीज, खारट चीजचा चुरा, मिरचीची पूड आणि लिंबू लावायची रीतच आहे. रीत चांगलीच असणार, कारण त्यात खारट, आंबट, तिखट सगळं आहे. मला मिळालं ते गार कणीस होतं, वर गोडसर पांढरा लेप. लिंबू नाही, मिरची नाही. ते जर कुणी निखाऱ्यावरच्या गरम कणसाला भरपूर लिंबू पिळून दिलं तर मी पुन्हा खाईन, माझा राग चीजवर नाही.

परतताना कच्ची कणसं मागा. ताई पानासकट देते, भाजलेल्यापेक्षा स्वस्त पडतात. पानं घरी पोचेपर्यंत काढू नका आणि त्याच दिवशी संपवा. गॅसवर भाजणार असाल तर आच मंद ठेवा आणि वर सांगितलेली पातळ पानाची युक्ती इथे करू नका, जळकी पानं बर्नरमध्ये पडतात. घरात शेगडी किंवा चूल असेल तर आणखी एक प्रकार करून बघा. जाळ विझल्यावर गरम राखेत कणीस पानासकट पुरायचं आणि अर्ध्या तासाने काढायचं. काळे ठिपके येत नाहीत, खरपूसपणा कमी, पण दाणा असा रसाळ राहतो की मीठसुद्धा लागत नाही. निबर निघालीच एखाददोन, तर किसून इंदूरकडे करतात तसा भुट्ट्याचा कीस करा: तुपात हिंग-जिरं-हिरवी मिरची, त्यात किसलेला मका परतायचा, दूध घालून आटवायचं, वरून लिंबू आणि कोथिंबीर. शिरपूर-सेंधव्याकडच्या घरांतून हा कीस सर्रास होतो, आपल्याकडेही व्हायला हवा.

जायचं असेल तर श्रावणातला रविवार टाळा, गाड्यांच्या रांगेत धूळ आणि धूर दोन्ही खावे लागतात. आठवड्यातल्या दिवशी सकाळी दहा-अकराला शेगडी पेटते, बाबांची पाटी भरलेली असते. फोनवरून पैसे देता येतात, पण डोंगराच्या पायथ्याला रेंजचा भरवसा नाही, सुटे जवळ ठेवा. बसायला एक बाकडं आहे, ते शेळीच्या बाजूला. भुट्टा खाऊन झाला की उरलेलं कणीस तिच्यापुढेच टाकायचं असतं, कचऱ्याची पेटी शोधत फिरू नका.