योनीतल्या बुरशीवर सहा रात्रींच्या गोळ्या की पोटातली एकच गोळी? दोन्ही वापरून झालंय

दाढेसाठी सात दिवस अँटिबायोटिक खाल्लं, दाढ गप्प झाली आणि खाली सुरू झालं. अंगावरून पांढरं जाणं काही नवीन नाही आपल्याला, पण हे वेगळंच, दूध नासल्यावर पातेल्यात चोथा राहतो ना तसं, वास काही नाही पण खाज अशी की ऑफिसात खुर्चीत धड बसवेना आणि लघवीला गेलं की झोंबायचं.

आधी मेडिकलवाल्याबद्दल लिहिते, नाव नाही लिहीत. काउंटरवर चार पुरुष उभे, मी हळूच म्हटलं खाजेसाठी काहीतरी द्या, पोराने कुठे, कधीपासून, काही न विचारता एक ट्यूब कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिली. घरी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं तर आत क्लोबेटासॉल! जबरी स्टेरॉइड आहे ते, गजकर्णावर लोक चोळतात आणि नंतर महिनोन् महिने निस्तरत बसतात तेच. खाज दोन दिवस दबली असती, कातडी पातळ झाली असती आणि बुरशी माजली असती ती वेगळीच. एक स्टार, तोही काळ्या पिशवीला.

मग मुकाट्याने डॉक्टर मॅडमकडे गेले. आतलं पाणी कागदाच्या पट्टीला लावून बघितलं, पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, साडेचारच्या वर नव्हता, स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली आणि म्हणाल्या बुरशीच आहे, कँडिडा. अँटिबायोटिकने तिथले चांगले जंतू पण मरतात मग हिला रान मोकळं. पातळ करडं पाणी आणि मासळीसारखा वास असता तर तो बॅक्टेरियाचा प्रकार, त्याला मेट्रोनिडाझोल देतात, आणि ते बुरशीचं काही वाकडं करत नाही. म्हणजे मी मैत्रिणीची उरलेली गोळी खाणार होते ती फुकटच गेली असती.

त्यांनी क्लोट्रिमाझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या दिल्या, रोज रात्री एक, आत ठेवायची. सोबत प्लास्टिकचा ॲप्लिकेटर, पिचकारीसारखा दिसतो. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यायचे, टोकाला गोळी बसवायची, दांडा ढकलायचा. पहिल्या रात्री गोळी ॲप्लिकेटरमधून निसटून पलंगाखाली, मी टॉर्च घेऊन ओणवी, नवरा विचारतोय काय हरवलं! दुसऱ्या रात्रीपासून जमलं. सुरुवातीला जरा चुरचुरतं, सकाळी पांढरा भुगा बाहेर येतो त्यामुळे रोग आहे की औषध तेच कळत नाही, पँटी लायनर लावूनच झोपा. पण खाज तिसऱ्या दिवशी जवळजवळ गेली. तरी सहाही पूर्ण केल्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. आणि हो, या औषधाने काँडम कच्चा पडू शकतो, हे कोणी सांगत नाही.

आठ महिन्यांनी पावसाळ्यात परत तेच. लेगिंग वाळत नाहीत, ओलसरच घालून लोकल पकडायची, मग काय होणार. या वेळी मॅडमनी तपासून फ्लुकोनाझोल १५० दिली, एकच गोळी, पोटात, एका वडापावच्या पैशात. ना भुगा ना पिचकारी. पण घेतली आणि बरी झाले असं नाही हं, पहिला दिवस तसाच काढला, तिसऱ्या दिवशी हायसं वाटलं. गोळी शरीरात बरेच दिवस रेंगाळते म्हणून एकच पुरते म्हणे. थोडं मळमळलं, बास.

दोन्हीचा गुण साध्या केसमध्ये जवळपास सारखाच, त्यामुळे गोळी कुठली यापेक्षा घेणारी कोण हे बघा. आमच्या वन्संना सातव्या महिन्यात झालं तेव्हा पोटातली गोळी नाहीच दिली, सात दिवस आत ठेवायचीच, तीही ॲप्लिकेटर न वापरता बोटाने. आईला शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू आहे, त्यावर फ्लुकोनाझोल घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून तिच्यासाठी पण आतलीच. पाळी दोन दिवसांवर आली असेल तर मी पोटातली मागेन, नाहीतर सगळं वाहूनच जाणार.

आईचं मात्र दही लाव, कडुलिंबाच्या पाण्याने धू चालूच असतं. दही मी खाते. आतून धुणं तर मॅडमनी साफ बंद करायला सांगितलंय, सुगंधी वॉश पण नको, त्याने बुरशी जात नाहीच आणि जळजळ वाढते.

सहा रात्रींवाल्या गोळ्यांना साडेतीन स्टार, अर्धा पलंगाखालच्या शोधाचा कापला. फ्लुकोनाझोलला चार. वर्षात तिसऱ्यांदा झालं तर मात्र यातलं काहीच मनाने घ्यायचं नाही, कल्चर (आतल्या पाण्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघतात ती तपासणी) आणि शुगर दोन्ही करून घेऊ असं मॅडमनी आधीच बजावलंय, आणि ऑक्टोबर अजून जायचाय.