शब्दशोध: मराठीतला की इंग्रजीतला?

रोज सकाळी चहा निवेपर्यंत मी मोबाइलवर दोन शब्दशोध सोडवते, एक मराठी, एक इंग्रजी. खेळ तोच. अक्षरांच्या चौकटीत लपलेले शब्द आडवे, उभे, तिरके, उलटेही शोधायचे आणि बोट फिरवून पकडायचे. १९६८ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात नॉर्मन गिबट यांनी तो छापला, तेव्हा अर्थातच इंग्रजीत.

इंग्रजीत 'महाराष्ट्र'ला अकरा घरं लागतात, मराठीत चारच: म, हा, रा, ष्ट्र. म्हणून इंग्रजीत शब्द लांब आणि युक्ती ठरलेली: क्यू, एक्स, झेडसारखं दुर्मीळ अक्षर आधी हेरा, मग त्याच्या आठही बाजू पाहा. 'ए'च्या मागे लागलात तर डोळे दुखतील, बाकी काही नाही.

मराठीत हेरायची ती जोडाक्षरं. 'कोल्हापूर' हवं असेल तर 'को' सोडा, 'ल्हा' शोधा. तो गर्दीतही उठून दिसतो. खरा घाम काढतात 'कमळ', 'नगर' असे बिनमात्रांचे साधे शब्द. (रिकामी घरं नुसत्या क-ग-म-रने भरलेली असतील, तर मात्रावाली घरंच चुगली करतात. असलं कोडं मला आळशी वाटतं.) 'नवजीवन' उलटं वाचलं तरी तेच, तो सापडला की उगाच गंमत वाटते.

नवशिक्याने इंग्रजीपासून सुरुवात करावी, नजर बसते. मला विचाराल तर मजा मराठीतच; फक्त छोट्या पडद्यावर तिरकं बोट फिरवताना 'ष्ट्र' आणि 'ष्ठ' यांत माझी अजून फसगत होते.