घाईत छापून घेतलेले स्टिकर, आठ महिन्यांनंतर: काय टिकलं, काय सुटलं

आधीच सांगते, मी प्रिंटिंगवाली नाही. मालवणच्या अलीकडे आमचं गाव, बचत गटात आम्ही अकरा जणी, कोकम आगळ, सरबत, कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी असलं करतो. गेल्या डिसेंबरात मालवणात दोन दिवसांचा स्टॉल मिळाला, म्हणजे कोणीतरी आयत्या वेळी गळालं म्हणून मिळाला. फोन आला १९ तारखेला आणि स्टॉल २७-२८ ला. तोपर्यंत आमचं लेबल म्हणजे वहीचा तुकडा, त्यावर बॉलपेनने 'आगळ' नि वरून सेलोटेप. गावात ते चालतं, बाटली बघूनच कळतं कोणाच्या घरची ती, पण नाताळच्या सुट्टीत आलेला पुण्या-मुंबईचा नि कोल्हापूरचा माणूस असली बाटली कशाला घेईल, आणि बाहेर विकायचं तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, हिरवा ठिपका, वजन, किंमत, तारीख हे सगळं लेबलवर लागतंच.

तर आठ दिवसांत स्टिकर. दोन ठिकाणी केले, एक ऑनलाइन आणि एक कुडाळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे. दोन्हींचं नाव लिहीत नाही कारण चुका निम्म्या त्यांच्या नि निम्म्या माझ्या. आता गणपतीसाठी परत ऑर्डर द्यायची वेळ आली म्हणून विचार केला सगळं लिहूनच काढते, गटातल्या बायका तेच तेच विचारतायत.

ऑनलाइनवाल्याच्या साइटवर मोठ्या अक्षरात '४८ तासांत डिस्पॅच'. मी ते '४८ तासांत घरी' असं वाचलं, ही पहिली चूक. डिस्पॅच म्हणजे त्यांच्या दारातून बाहेर, आणि ते ४८ तासही आपण प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायला पाठवतात तो नमुना, ओके केल्यावर सुरू होतात, पैसे भरल्यावर नाही. २० ला पैसे भरले, प्रूफ आलं २१ च्या संध्याकाळी, त्यात चूक होती म्हणून परत पाठवलं, दुसरं प्रूफ २२ ला दुपारी. म्हणजे घड्याळ चालू झालं तेच मुळी २२ ला. वर मध्ये २५ ची सुट्टी. आणि पिनकोड टाकल्यावर कळलं की आमच्याकडे एक्सप्रेस येतच नाही, साधं कुरियर सहा ते आठ दिवस. पैसे भरायच्या आधी पिनकोड टाकून बघायला एक मिनिट लागलं असतं.

मग मिस्टरांनी डोकं चालवलं. पुतण्या डोंबिवलीला असतो, तो २६ च्या रात्री तुतारी एक्सप्रेसने निघणारच होता. पत्ता बदलून डोंबिवलीचा दिला, पार्सल २६ ला दुपारी त्याच्या हातात पडलं आणि २७ ला तो ते घेऊन कुडाळला उतरला. तिथून मालवणला स्टॉलवर यायला दुपार झाली. पण हे असं जमेल याचा कोणाला भरवसा, म्हणून २४ तारखेला मी कुडाळला जाऊन कागदी स्टिकर पण करून आणले. बरं झालं आणले, नाहीतर पहिला अर्धा दिवस नुसत्या बाटल्या मांडून बसलो असतो.

आता फाइलीचं रामायण. डिझाइन भाचीने मोबाईलवर कॅनव्हा अॅपमध्ये केलं, छान केलं, रातांब्याची (कोकमाच्या झाडाची) फांदी वगैरे. मी ते व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं. फोटो म्हणून पाठवलं की तो बारीक करून जातो, मोबाईलवर कळत नाही पण छापलं की अक्षरांच्या कडा फुटतात. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, आणि जेपीजी नाही, पीडीएफ प्रिंटची. कुडाळच्या पोराने निदान छापायच्या आधी सांगितलं तरी.

दुसरं म्हणजे मराठी अक्षरं. ऑनलाइनवाल्यांना मी मजकूर वेगळा टाइप करून दिला होता, त्यांच्या डिझायनरने तो त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टात ओतला नि पहिल्या प्रूफमध्ये 'सिंधुदुर्ग'चा रफार उडून बाजूला, 'शक्ती'चा क पाय मोडून लंगडा उभा, 'किंमत'ची वेलांटी भलत्याच अक्षराला. त्याला मराठी वाचता येत नसावं, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं. हे मराठीत लेबल करणाऱ्या प्रत्येकाला होतंच. उपाय साधा आहे, आपल्या फाइलीत अक्षरं कर्व्ह करून द्यायची, म्हणजे ती अक्षरं न राहता चित्रं होतात, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, मोडत नाहीत. मोबाईलवर ते जमत नसेल तर पीडीएफ एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायची. आणि प्रूफ आलं की एकटीने वाचायचं नाही. मी तीनदा वाचलं नि मला १४ आकड्यांतला एक आकडा गळलेला दिसला नाही, जाऊबाईंनी बोट ठेवून मोजला तेव्हा तेरा भरले.

त्याच डिझायनरने स्वतःच्या मनाने कोपऱ्यात जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का पण टाकला होता. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय मिळालाय हे खरं, पण तो शिक्का लावायला आपलं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवलेलं असावं लागतं. आमचं नाही, काढायला लावला.

रंगाचं दुःख वेगळंच. मोबाईलवर आगळाचा तो गडद लाल-जांभळा इतका सुंदर दिसत होता, आणि छापून आला विटेसारखा. स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो, छपाईचा शाईचा, झगझगीत लाल-गुलाबी शाईत तसा उतरत नाही. वेळ असता तर एक शीट नमुना काढून बघितली असती. कुडाळला निदान समोर उभी होते, एक शीट काढून थोडा किरमिजी वाढवून घेतला, त्यामुळे कागदी स्टिकरचा रंग महागड्यापेक्षा बरा आला.

हिशोब सांगते. कुडाळला १२ बाय १८ इंची शीट, आमचं लेबल २ बाय ३. मी हिशोब केला होता एका शीटवर ३६, पोरगा म्हणाला वैनी, मध्ये गाळा सोडायला नको काय, बाजूच्याचा रंग कापताना ह्याच्यावर येईल. तीन-तीन मिलीमीटर सगळ्या बाजूंनी सोडून २५ बसले. २४ शीटा, ६०० स्टिकर, शीटला ३५ रुपयांप्रमाणे ८४० रुपये, म्हणजे एक स्टिकर १ रुपया ४० पैसे. ऑनलाइनचे व्हिनाइल म्हणजे प्लॅस्टिकचे, वर चकचकीत ग्लॉसी लॅमिनेशन, ३०० नग सगळं धरून २१०० रुपये, म्हणजे ७ रुपयाला एक. त्यातल्या अकरांचं कटिंग सरकलेलं, तक्रार करायला वेळ कोणाला होता.

आता खरी परीक्षा. २७ ला सकाळी कागदी स्टिकर लावलेल्या सरबताच्या बाटल्या आम्ही हौसेने बर्फाच्या टबात ठेवल्या. एक वाजेपर्यंत टबात लेबलं तरंगायला लागली आणि बाटल्या नागड्या. आगळ आणि सरबत दोन्ही त्याच रंगाचं, बाटली तीच, गर्दीत एका ताईंना सरबत म्हणून आगळाची बाटली गेली. आगळ म्हणजे मिठात मुरलेला रस, सोलकढीला लागतो तो. त्या गाडीत बसून पाण्यात घालून प्यायल्या, परत आल्या तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पैसे परत दिले, वर सरबताची बाटली दिली, आगळ पण ठेवा म्हटलं सोलकढी करा, तर हसल्या बिचाऱ्या. तेवढ्यात पुतण्या पार्सल घेऊन हजर. उरलेल्या बाटल्या पुसून वाळवून व्हिनाइल लावले नि दुसऱ्या दिवशी दिवसभर बर्फात, एक सुटला नाही. ज्या बाटल्यांना घाम असतानाच घाईत लावले त्यांचे मात्र कोपरे उचकटले. गोंदाला पूर्ण धरायला साधारण एक दिवस लागतो, कोरड्या बाटलीवर लावून रात्रभर तशीच ठेवायची आणि मग बर्फात.

व्हिनाइलची एक गोची कोणी सांगत नाही. तारीख आणि बॅच नंबरसाठी आम्ही रिकामी जागा ठेवली होती, आणि त्या गुळगुळीत लॅमिनेशनवर बॉलपेन चालतच नाही. शिक्का मारला तर अर्ध्या तासाने बोटाला शाई. शेवटी सीडीवर लिहायचा मार्कर आणला, तो राहतो, पण अक्षर जाडं नि जागा एवढीशी, 'डिसें' लिहूनच संपली. कागदी लेबलवर साधं पेन झकास चालतं. मॅट, म्हणजे बिनचकाकीचं, लॅमिनेशन घेतलं असतं तर थोडं सोपं झालं असतं असं आता कळलं.

पुढचे महिने. कुळथाच्या पिठाच्या पाकिटांवर नि आंबापोळीच्या डब्यांवर कागदी स्टिकर उत्तम राहिले, मे महिन्यापर्यंत काही नाही झालं. पाऊस लागल्यावर मात्र घरातल्या घरात दमटपणाने कडा वळल्या, काहींवर बुरशीचे काळे ठिपके. न वापरलेल्या शीटा पण कपाटात ठेवलेल्या वाकल्या, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पिठाच्या डब्यात ठेवते.

उरलेले व्हिनाइल घरच्या लोकांनी जिथे तिथे लावले, त्यामुळे फुकटात परीक्षा झाली. फ्रीजवरचा आजही नवा दिसतो. मिस्टरांच्या स्कूटरवरचा, उन्हातला, एप्रिलपर्यंत लाल गेला, राहिला निळसर-करडा, कारण उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते. आणि दिरांनी एक होडीच्या कडेला लावला होता, आमच्या गटाची जाहिरात म्हणे, माशांना. खारं पाणी, ऊन, जाळं घासणं, तरी मे अखेरपर्यंत चिकटून होता. १ जूनला मासेमारीची बंदी लागली, होडी वर ओढून झापांनी झाकली, ऑगस्टात काढली तर स्टिकर जागेवर, फक्त एक कोपरा वर आलेला आणि आत वाळू. रंग म्हणाल तर मेलेला. पण गोंदाला मानलं.

आणि तोच गोंद आमच्या मुळावर आला. आमच्या बाटल्या काचेच्या, गावात नि आसपास परत येतात, धुऊन उकळून पुन्हा भरतो, एक बाटली चार-पाच वेळा फिरते. कागदी लेबल पाण्यात घातलं की दहा मिनिटांत निघतं. व्हिनाइल निघत नाही. नखाने वरचा थर निघतो, खाली गोंद तसाच, त्याला धूळ चिकटून बाटली काळी. आधी कोमट नि मग गरम पाणी बाटलीत भरून गोंद सैल करायचा, सोलायचं, उरलेल्यावर खोबरेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी राखेने घासायचं. सासूबाई उन्हाळाभर तेच करत होत्या. चाळीसाव्या बाटलीला म्हणाल्या, "गो, माका सांग, तू आगळ इकतंस काय चिकटी? माजो हात गेलो घासून घासून." सात रुपयाचा स्टिकर काढायला दोन चमचे खोबरेल, त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

त्यामुळे यावेळी असं ठरवलंय. पीठ, आंबापोळी, फणसपोळी यांना कागदीच, कुडाळहून, पावसाळा संपेपर्यंत थोडेच. बर्फात जाणारं सरबत प्लॅस्टिकच्या बाटलीत, जी परत येत नाही, तिला व्हिनाइल, पण मॅट. आगळाच्या काचेच्या बाटलीला कागदी, आणि झाकणावर एक छोटा गोल वेगळ्या रंगाचा, म्हणजे लेबल सुटलं तरी आगळ कुठलं नि सरबत कुठलं ते कळेल. आकार ठरवताना आधी कागदाची पट्टी बाटलीला गुंडाळून बघितली, कारण गेल्या वेळी गळ्याकडे बाटली निमुळती होते तिथे स्टिकरला चुण्या पडल्या होत्या.

कुडाळचा पोरगा म्हणतो सहज निघणाऱ्या गोंदाचं व्हिनाइल पण मिळतं. त्याने दोन नमुने फुकट दिलेत. एक आगळाच्या बाटलीला लावून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवलाय, अजून धरून आहे. उद्या बाटली सासूबाईंच्या हातात देणार, काढून दाखवा म्हणून.